पळून जायचं, पण चौकापर्यंतच

नाही, पण मला आधी एक सांगा, पळून जाऊन लग्न करायचं म्हणजे माणसानं कुठंतरी जायला नको? निदान नदी तरी ओलांडायची! पुलापलीकडे साउथ कॅरोलिना, गाडीनं दहा मिनिटं, तिथं कुत्रंसुद्धा आपल्याला ओळखत नाही, चार ओळी म्हणायच्या, सही ठोकायची, दुपारच्या जेवणाला घरी परत... पण नाही. आमचं पळून जाणं कुठं? तर आमच्याच गावात. आमच्याच चौकात. माझ्या घरापासून चालत आठ मिनिटं आणि तिच्या घरापासून चार. नवरदेव अठ्ठावन्न वर्षांचा, नवरी चोपन्न वर्षांची, आणि पळायचं अंतर आठ मिनिटं, तेही चालत. आणि याला म्हणायचं पळून जाऊन लग्न!

तुम्हाला सांगतो, मी हॉलिस प्रुइट, पियानो सुरात लावून देतो. आमच्या या सव्हाना गावात पस्तीस वर्षं हाच धंदा. गावात ज्याच्या घरी पियानो आहे त्याच्या दिवाणखान्यात माझं येणं-जाणं, आणि पियानो नाही असं घर जुन्या वस्तीत तुम्ही मला दाखवाच. वाजवत कुणी नाही, ते सोडा, वर आजोबांचे फोटो मांडतात, पण सुरात मात्र हवा. तर अशा माणसानं गुपचूप लग्न करायचं. ज्याला बघितल्यावर अख्खं गाव ओसरीवरून हाक मारतं, 'काय हॉलिस, आज कुणाकडे?', त्यानं ताकास तूर लागू द्यायची नाही. जमेल का हो? तुम्हीच सांगा.

पण मला त्याचं काही नव्हतं, कारण मी हवेत होतो. अकरा वर्षं मी कोरालीला विचारत होतो. अकरा वर्षं दर रविवारी चर्चनंतर तिच्याकडे जेवायला, जेवण झालं की मी विचारायचो, ती म्हणायची, 'हॉलिस, अजून थोडा भात घे.' मी भात घ्यायचो. असा अकरा वर्षांचा भात माझ्या पोटावर तुम्हाला दिसतोच आहे. आणि या मार्चमध्ये एक दिवस मागच्या पायरीवर कोळंबी सोलत बसलो होतो दोघं, मी काही विचारलंसुद्धा नव्हतं, आणि ती म्हणाली, 'बरं, करू या.' मी म्हटलं, 'काय करू या? रस्सा?' म्हणाली, 'लग्न, हॉलिस.' माझ्या हातातली कोळंबी गेली पायरीखाली, मांजरानं नेली, मी नुसता हसत बसलो येड्यासारखा.

आणि मग आली अट. 'चौकात करायचं, सकाळी आठला. तू, मी आणि लग्न लावणारा. चौथा माणूस दिसला की मी मागच्या मागे घरी.'

मी म्हटलं, 'अगं, मग नदीपलीकडे जाऊ.' तर म्हणाली, 'मी का जाऊ? पळून मी गेले होते का? पळून तो गेला होता.'

आता हे तुम्हाला सांगायला हवं. एकतीस वर्षांपूर्वी, जून महिना, बाहेर धो धो पाऊस, चर्चमध्ये दोनशे साठ माणसं, पुढं कोराली पांढऱ्या झग्यात, हातात फुलं... आणि नवरदेव नाही. चाळीस मिनिटं उभी होती पोर. दोनशे साठ माणसं तिच्याकडे बघत होती आणि ती दाराकडे. नवरदेव तेव्हा जॅक्सनव्हिलच्या रस्त्याला लागला होता. शेवटी लोक उठले, एकेक जण तिच्याजवळ आला, दंडावर थोपटलं आणि म्हणाला, 'बिचारी गं बाई.' दोनशे साठ वेळा. आमच्याकडे हा शब्द फार गोड म्हणतात, साखरेत घोळून म्हणतात, आणि एकदा चिकटला की निघत नाही. एकतीस वर्षं ती दुसरीच्या वर्गाला शिकवतेय, गावातल्या निम्म्या लोकांना बेरीज तिनं शिकवली, तरी दुकानात तिची पाठ वळली की तेच. बिचारी कोराली. मला विचाराल तर त्या माणसापेक्षा या शब्दानं तिला जास्त छळलं. म्हणून तिला गाव सोडायचं नव्हतं, आणि गावाचे डोळेही नको होते. दुधानं तोंड पोळलंय तिचं, ती ताक फुंकणारच.

मी म्हटलं, 'शपथ. चौथा माणूस नाही.' आणि तुम्हाला सांगतो, अगदी मनापासून म्हटलं.

लागलो तयारीला. पहिली गोष्ट, चौकात लग्न लावायचं तर नगरपालिकेची परवानगी लागते. अर्ज आहे. पळून जाण्याचा अर्ज! त्यात लिहायचं, पाहुणे किती? लिहिलं शून्य. खुर्च्या किती? शून्य. वाद्यं कोणती? मी म्हटलं, घ्या, पस्तीस वर्षं ज्यानं गावाचे सूर लावले त्याच्या लग्नात वाद्यं शून्य. खिडकीतली बाई अर्ज वाचून म्हणाली, 'शून्य पाहुणे? मग हे लग्न आहे की दाताचं दुखणं?' पण बाई भली. शिक्का मारला आणि तोंडाला कुलूप घातलं. तिनं नाही सांगितलं हो कुणाला, तिचं नाव यात घेऊ नका.

दुसरी गोष्ट, लग्न लावणारा. आमचे जज्ज फिनली, निवृत्त, वय एकोणऐंशी, माणूस सोन्यासारखा, फक्त ऐकायला येत नाही. त्यांच्या बागेत गेलो, कानाशी लागून म्हटलं, 'जज्जसाहेब, कुणाला सांगायचं नाही.' ते गरजले, 'काय सांगायचं नाही?' मी म्हटलं, 'लग्नाचं.' ते म्हणाले, 'कुणाच्या लग्नाचं?' हे एवढ्या मोठ्यानं, की कुंपणावरची खार पळाली. शेवटी पाठीवर थाप मारून म्हणाले, 'बाळा, मी चाळीस वर्षं न्यायाधीश होतो, गुपित माझ्या पोटात राहतं.' पोटात राहत असेल हो, घशाचं काय? नशीब, आसपास कुणी नव्हतं.

आणि तिसरी गोष्ट. बाटली.

इथं घात झाला. ऐका आता. आमच्याकडे लग्नाला पाऊस येऊ नये म्हणून बर्बन व्हिस्कीची बाटली पुरतात. भरलेली, सील न फोडलेली, डोकं खाली पाय वर, जिथं नवरा-नवरी उभे राहणार बरोबर त्या जागी, आणि लग्नाच्या बरोबर एक महिना आधी. एक दिवस इकडे नाही, एक दिवस तिकडे नाही. कोराली म्हणाली, 'बाटली पुरायची.' मी म्हटलं, 'अगं, तू शिकलेली, शिक्षिका, हे कसलं खूळ?' म्हणाली, 'मी मानत नाही. पण तेव्हा बाबांनी पुरू दिली नव्हती. बाबा बाप्टिस्ट, त्या पंथात दारू वर्ज्य, बाटली म्हटलं की अंगावर काटा. आणि मग काय झालं ते तुला माहीत आहे.' मी म्हटलं, 'पाऊस झाला तो बाटली न पुरल्यामुळे असेल, पण तो माणूस...' ती नुसती बघायला लागली माझ्याकडे. म्हटलं पुरतो. विषाची परीक्षा कशाला?

लग्न सात मे, मंगळवार. म्हणजे बाटली सात एप्रिल. सात एप्रिलला रविवार. मी म्हटलं, वा, देवच पाठीशी आहे! रविवारी अकरा वाजता सव्हानात चिटपाखरू नसतं, सगळं गाव चर्चमध्ये. मी अकराला चौकात. माळ्याची टोपी घातली, औजारांच्या पिशवीत खुरपं, त्याच्याखाली बाटली. मोठ्या ओकखाली जागा धरली, खणायला बसलो. त्या झाडाची मुळं म्हणजे... अर्धा तास लागला, गुडघे गेले, टोपी दोनदा पडली, पण बाटली गेली खाली, डोकं खाली पाय वर, वर माती, मातीवर पाचोळा, पाचोळ्यावर मी दोन वेळा पाय आपटले आणि शीळ घालत निघालो. काय रुबाब! मला वाटलं, याला म्हणतात पळून जाऊन लग्न!

आणि चौकाला लागून तिसरं घर, वरच्या मजल्याची खिडकी, तिथं मिस युलाली. वय सत्त्याऐंशी. साठ वर्षांत एक रविवार चर्च चुकवलं नाही बाईनं. तो चुकवला. शनिवारी पाय मुरगळला होता, पाय स्टुलावर ठेवून खिडकीशी बसल्या होत्या.

आता दुसऱ्या कुठल्या मुलखात एखादा माणूस भर सकाळी झाडाखाली दारूची बाटली पुरताना दिसला तर लोक काय म्हणतील? बेवडा म्हणतील. डोक्यावर परिणाम झाला म्हणतील. फार तर पोलीस बोलावतील. पण आमच्याकडे शेंबडं पोर सांगेल, लग्न आहे. कुठं? बाटली आहे तिथं. कधी? आजपासून बरोबर महिन्यानं. पत्रिका छापली असती तर तिच्यात यापेक्षा जास्त काय असतं? राहता राहिलं नवरीचं नाव. तर हॉलिस प्रुइट अकरा वर्षं रविवारी कुणाकडे भात खातो, हे काय कुणाला शोधून काढायचंय? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. गुपित राखायला म्हणून मी जे केलं, तीच दवंडी.

मंगळवारी मिस युलालींचा फोन. 'हॉलिस बाळा, माझा पियानो फार बेसूर झालाय रे.' मी म्हटलं, 'मिस युलाली, तीन आठवड्यांपूर्वी तर लावला.' म्हणाल्या, 'हवा, बाळा. दमट हवा.' गेलो. पियानो उघडला, सूर चोख, एक तार हललेली नाही. त्या आपल्या खिडकीशी. गोड चहा दिला, पीचचा केक दिला, आणि बाहेर बघत म्हणाल्या, 'मी काही विचारत नाही हं. मला काय करायचंय? पण सात मे मंगळवारी येतो ना रे? कॅलेंडर बघत होते सहज.'

माझ्या घशात केक अडकला.

म्हटलं, 'मिस युलाली, तुम्ही कुणाला...' त्या म्हणाल्या, 'काय कुणाला? मी काही बघितलंच नाही, तर सांगू काय? आणि हे बघ, ते झाड सकाळी साडेआठपर्यंतच सावली देतं. त्याच्या आत उरकलेलं बरं. म्हणजे काही असेल तर. मी काही विचारत नाही.'

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. शप्पथ, कुणालाच नाही. फक्त त्यांच्या बहिणीला म्हणाल्या, 'सात मेला पाऊस यायचा नाही बहुतेक.' बहीण आमच्याच गावची. संपलं! बुधवारपासून माझा फोन खाली ठेवता येईना. सगळ्यांचे पियानो बेसूर. त्या महिन्यात सव्हानात एकही पियानो सुरात नव्हता, तुम्हाला सांगतो, चौतीस घरं फिरलो आणि चौतीस पियानो ठणठणीत. मी आपला झाकण उघडायचो, दोन पट्ट्या दाबायचो, बंद करायचो, आणि निघताना माझ्या हातात काहीतरी कोंबायचे. 'हॅम जरा जास्त झाला रे आमच्याकडे.' 'केक दोन झाले चुकून, घेऊन जा.' चुकून दोन केक कसे होतात? आणि सगळ्यांचं तेच पालुपद, 'मी काही विचारत नाही हं.' विचारत कुणी नाही, पण मिस्टर बॉयकिन म्हणतात काय, 'हॉलिस, पट्ट्यापट्ट्यांचा सुती सूट घाल बाबा, काळा नको, मे महिना आहे.' मी म्हटलं, 'कशाला घालू?' म्हणाले, 'कशालाच नाही. मी सहज सुताविषयी बोलतोय.'

आणि रोज संध्याकाळी कोराली विचारायची, 'कुणाला कळलं नाही ना?' आणि मी म्हणायचो, 'छे.' आता खोटं बोललो मी, कबूल आहे. पण काय करू? खरं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, 'अजून थोडा भात घे,' आणि मी मरेपर्यंत भातच खात बसलो असतो. जेवण जाईना, म्हणजे केक सोडून. तिला मात्र कुणी चकार शब्द बोललं नाही, त्यात आमचं गाव पटाईत. एकदा तीच म्हणाली, 'हॉलिस, लोक हल्ली माझ्याशी जरा जास्तच छान वागताहेत, कुणी गेलं की काय माझ्या नात्यातलं?' मी म्हटलं, 'छे.'

शेवटच्या रविवारी तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, 'आणि हे बघ. बरोबर आठ. तू आधी पोचायचंस. मी चौकात आले आणि तू नाहीस, असं होता कामा नये. मी दहा आकडे मोजेन, त्यापुढे मला उभं राहता यायचं नाही.' हसत म्हणाली, पण हात गार होता तिचा. म्हटलं, 'कोराली, मी साडेसातला येऊन झाड धरून उभा राहतो.'

आणि आला सात मे. आकाश कसं, धुऊन वाळत घातल्यासारखं, ढगाचा ठिपका नाही. बाटलीनं काम केलं! मी पहाटेपासून तयार. सुती सूट, हो, पट्ट्यापट्ट्यांचा, आणि छातीत नुसता बँड वाजतोय. सात वाजून दहा मिनिटांनी घर सोडलं. आठ मिनिटांचा रस्ता, पन्नास मिनिटं हाताशी. तुम्हाला वाटेल, पोचला. मलाही वाटलं.

पहिल्याच ओसरीवर मिस्टर बॉयकिन, झाडांना पाणी घालताहेत. 'काय हॉलिस, एवढ्या सकाळी? आणि सूट?' आता त्यांना ठाऊक, मला ठाऊक, आणि मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक. पण त्यांनी जर काही ठाऊक नसल्यासारखं विचारलं, तर मलाही काही नसल्यासारखं उभं राहून बोलायला नको? आमच्याकडे ओसरीवरच्या माणसाला टाळून पुढे जाता येत नाही हो, आईचा उद्धार होतो. मी म्हटलं, 'असाच, फिरायला.' 'वा. तब्येत?' 'छान.' 'बहीण काय म्हणते?' 'छान.' 'तिच्या नवऱ्याचं गुडघ्याचं?' बारा मिनिटं गेली. बारा! आणि शेवटी डोळे पुसत म्हणाले, 'जा बाबा, फिरून ये.'

पुढल्या घरी दोघी डिक्सन बहिणी, त्यांनी माझा टाय सरळ केला. एकीनं सरळ केला, दुसरीला तो वाकडा वाटला, तिनं पुन्हा केला, पुन्हा पहिलीनं केला. 'फिरायलाच निघालास ना? मग फिरायलासुद्धा नीट जावं माणसानं.' साडेसात होऊन गेले. त्याच्यापुढे एक बाई बिस्किटं घेऊन उभी, गरम, लोणी लावलेली, 'एक खाऊन जा, रिकाम्या पोटी फिरू नये.' खाल्लं. दोन खाल्ली, चांगली होती. पावणेआठ. आणि मग घोडागाडीवाला डेक्स्टर, मागं सहा परगावचे पाहुणे बसवून गावाची माहिती सांगत चाललेला. थांबला. 'हॉलिस, ये, सोडतो.' आता डेक्स्टरचं घोडं माझ्यापेक्षा म्हातारं, मी रांगत गेलो तरी लवकर पोचेन, पण माणूस एवढ्या प्रेमानं म्हणतोय आणि नाही म्हणायचं? बसलो. आणि हा पठ्ठ्या पाहुण्यांना सांगतोय, 'डाव्या हाताला कापसाच्या व्यापाऱ्याचं घर, आणि उजव्या हाताला आमचे हॉलिस प्रुइट, हे आज कुठंही चाललेले नाहीत.' सगळे पाहुणे मला बघून हात हलवताहेत. आणि याला म्हणायचं पळून जाऊन लग्न!

घोडं दोन चौक अलीकडे थांबलं. थांबलं म्हणजे थांबलं. आणि चर्चच्या घड्याळात आठाचे ठोके पडायला लागले.

तुम्हाला सांगतो, पहिल्याच ठोक्याला मी गाडीत उभा राहिलो. मी उडी मारली. मी पळालो. अठ्ठावन्नाव्या वर्षी, अकरा वर्षांच्या भातासकट, नवे बूट घालून, विटांच्या त्या उंचसखल फुटपाथवरून पळालो. डोळ्यापुढे एकच, ती येईल, झाड दिसेल, मी दिसणार नाही. दहा आकडे. एकतीस वर्षांपूर्वी त्या माणसानं केलं ते मी बिस्किटं खाऊन केलं. त्याला मी इतकी वर्षं शिव्या घातल्या, आणि आता तिच्या दृष्टीनं त्याच्यात आणि माझ्यात काय फरक? कुणी ओसरीवरून हाक मारली, मी थांबलो नाही, पहिल्यांदा आयुष्यात थांबलो नाही. मला रडू येत होतं, नाही, धाप लागली होती. आठ वाजून सहा मिनिटांनी चौकात शिरलो.

आणि पाहतो तर चौक भरलेला.

ऐंशी माणसं असतील. म्हटलं, मेलो. उशीर झाला तो झाला, वर चौथा माणूस नको म्हणाली होती तिथं ऐंशी. बाकांवर, कारंज्याभोवती, झाडांखाली, सगळे ठेवणीतल्या कपड्यांत. मग नीट पाहिलं तर काहीतरी विचित्रच. एकाचंही तोंड दिसेना. सगळ्यांच्या पाठी. ऐंशीच्या ऐंशी जण पाठ करून उभे. एक जण झाडाची साल वाचतोय. दुसरा वर्तमानपत्र, तेही उलटं. पोस्टमन भिंतीकडे तोंड करून उभा. मिस युलाली काठी टेकून बाकावर उलट्या बसलेल्या, पाय बाकाच्या पाठीकडे आणि स्वतःची पाठ चौकाला, सत्त्याऐंशी वर्षांची बाई. आणि मध्ये ओकखाली, बरोबर बाटलीच्या जागेवर, कोराली. निळा झगा, हातात मॅग्नोलियाचं एकच फूल. उभी होती! गेली नव्हती!

मी तिच्यापाशी पोचलो, नुसता भात्यासारखा श्वास. म्हटलं, 'कोराली, बॉयकिन... टाय... घोडं...'

ती म्हणाली, 'गप्प बस. मला सांगू दे. मी आले तर एवढी सगळी माणसं, आणि तू नाहीस. सगळे माझ्याकडे बघत होते, हॉलिस. अगदी तसंच. मी मोजायला लागले. चारपर्यंत आले असेन, तर मिस युलाली उठल्या, काही बोलल्या नाहीत, आणि बाकावर उलट्या फिरून बसल्या. मग त्यांच्या शेजारचा वळला. मग सगळेच. एकेक करून. कुणी हूं की चूं नाही.' तिनं फूल दुसऱ्या हातात घेतलं. 'मग मी पुढं मोजलंच नाही. तू येईपर्यंत उभी राहिले. कुणी बघतच नव्हतं, तर मला काय घाई होती?'

मला काय वाटलं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. एवढंच सांगतो, त्या ऐंशी पाठींवर माझा जीव जडला.

जज्ज फिनली तेवढे आमच्याकडे तोंड करून होते, कारण लग्न लावायचं होतं ते त्यांनाच. ते गरजले, 'आला का नवरदेव?' इतक्या मोठ्यानं, की कबुतरं उडाली, पण पाठ एकही हलली नाही. लावलं लग्न. जज्जसाहेबांनी विचारलं, 'हॉलिस प्रुइट, हिचा स्वीकार करतोस?' मी म्हटलं, 'करतो.' ते म्हणाले, 'काय?' मी ओरडलो, 'करतो!' ते म्हणाले, 'काय करतोस?' तेव्हा त्या ऐंशी पाठींनी एका सुरात सांगितलं, 'करतो म्हणतोय, जज्जसाहेब!' पस्तीस वर्षांत सव्हाना इतकी सुरात मी ऐकली नव्हती. आणि नेमकी त्या वेळी चिलटं आली, मे महिन्यातली आमची चिलटं, कानात, नाकात, डोळ्यांत, मी अंगठी घालतोय आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. चिलट गेलं होतं. उजव्या डोळ्यात. आणि मग डाव्या.

झाल्यावर कोराली हसत म्हणाली, 'अहो मंडळी, आता वळा की.' कुणी वळेना. मिस युलाली पाठमोऱ्याच म्हणाल्या, 'कोण बोलतंय बाई? मी कबुतरं बघायला आलेय.' दुसरे म्हणाले, 'इथं काही आहे का?' मग मी बाटली उकरून काढली, आणि त्याबरोबर ऐंशी हात मागं आले, प्रत्येक हातात कागदी पेला. पेले बरोबर आणले होते, बरं का. बाप्टिस्टांनीसुद्धा. मी पाठीमागून एकेकाच्या पेल्यात थेंब थेंब ओतत फिरलो आणि कोराली माझ्या दंडाला धरून इतकी हसत होती की तिला चालता येईना. मी तिला एवढं हसताना पाहिलंच नव्हतं कधी. बिचारी म्हणायची कुणाची टाप होती त्या दिवशी?

तर लग्न झालं. गुपचूप झालं. आता तक्रार कसली, म्हणाल. तक्रार ही, की आज चार महिने झाले, गावात कुठंही जा, दुकानात, टपाल कचेरीत, चर्चच्या पायरीवर, जो भेटेल तो सांगतो, 'मी काही तिथं नव्हतो हं, पण तिचा झगा निळा होता.' 'मी काही तिथं नव्हते, पण हॉलिसनं अंगठी आधी चुकीच्या बोटात घातली.' आणि सगळ्यांचं, अगदी सगळ्यांचं, उलटं वर्तमानपत्र वाचणाऱ्या त्या माणसाचंसुद्धा, शेवटचं वाक्य एकच, 'आणि काय रडला हो हॉलिस, लहान मुलासारखा.'

मी रडलो नाही हो! चिलट होतं! पण हे शपथेवर सांगायला साक्षीदार आणू कुठून? तिथं कुणी नव्हतंच ना...